वेबसाइटवरचा नकाशा: पिना टोचून झाल्या, पुढे काय?

रानपिंगळा
मंडळी, आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाची एक छोटी वेबसाइट आहे. सदस्यांच्या नोंदी (कुठला पक्षी, कधी, कुठे, कुणी पाहिला, असल्यास फोटो) आजवर एका एक्सेल फायलीत साठत होत्या. हौसेने लीफलेट ही नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून मी त्या नकाशावर चढवल्या. साधारण नऊ हजार पिना. नकाशा उघडला की पिनांचा असा खच पडतो की खालची जमीन दिसत नाही. फोनवर तर तो अडखळत सरकतो.

आता गटातल्या फर्माइशी ऐका. पक्षी निवडला की तेवढेच दिसावेत. महिन्यांची पट्टी सरकवली की स्थलांतर 'चालताना' दिसावं. 'माझ्या जवळपास' असं बटण हवं. हीटमॅप (नोंदी दाट तिथे रंग गडद) हवा. नवी नोंद नकाशावर पिन टोचूनच भरता यावी. आणि एका सदस्यांना पिनेवर माऊस नेला की त्या पक्ष्याचा आवाज ऐकू यायला हवा आहे.

मी पेशाने प्रोग्रामर नाही, पण जावास्क्रिप्टमध्ये रेटून नेतो. यातलं आधी काय करावं, आणि काय करूच नये? लायब्ररी बदलावी का? खर्च शक्यतो शून्य.

तिरकस
नऊ हजार पिनांवरून माऊस फिरवला की काय गोंगाट होईल! करा, करा, आधी तेच करा.

अक्षवृत्त
लायब्ररी बदलण्याआधी नकाशा का अडखळतोय ते बघा. लीफलेटचा नेहमीचा मार्कर म्हणजे पानावरचं एक चित्र, शिवाय त्याच्या सावलीचं दुसरं. म्हणजे तुमच्या पानावर अठरा हजार चित्रं टांगलेली आहेत आणि झूम बदलला की ब्राउझरला प्रत्येकाची जागा नव्याने ठरवावी लागते. फोन दमणारच.

सर्वात स्वस्त उपाय: मार्करऐवजी सर्कलमार्कर (साधा गोल ठिपका) वापरा आणि नकाशा तयार करताना 'प्रेफरकॅनव्हास' चालू करा. मग सगळे ठिपके एकाच कॅनव्हासवर रंगवले जातात. नऊ हजार ठिपके त्याला जड नाहीत. मात्र नुसता हा पर्याय चालू करून साध्या पिना तशाच ठेवल्या तर काडीचाही फरक पडणार नाही, कारण तो फक्त रेषा, बहुभुज आणि वर्तुळं यांनाच लागू आहे. हे न कळल्याने बरेच जण 'कॅनव्हास करून बघितलं, उपयोग नाही' असं सांगत फिरतात.

दुसरा उपाय क्लस्टरचा, म्हणजे जवळजवळच्या पिना मिळून आकडा लिहिलेलं एकच वर्तुळ. मार्करक्लस्टर प्लगइनच्या सोबत येणाऱ्या नमुन्यातच ५०,००० मार्कर आहेत, त्यामुळे तुमची संख्या किरकोळ. 'चंक्डलोडिंग' (पिना थोड्या थोड्या करून चढवणं) चालू ठेवा, म्हणजे पान उघडताना गोठणार नाही.

आणि फाइल तपासा. एक्सेलमधून आलेल्या अक्षांश-रेखांशांना दशांशचिन्हापुढे चौदा-पंधरा आकडे असतात. पाच आकडे म्हणजे विषुववृत्तावर साधारण १.१ मीटर. पक्षी इतकाही स्थिर बसत नाही. जास्तीचे आकडे छाटा, फाइल लगेच हलकी होईल.

नवशिका_९९
वाखूसा (वाचनखूण साठवली). थोडं अवांतर विचारू का? माझा नकाशा एका टॅबच्या आत आहे. टॅब उघडला की एका कोपऱ्यात नकाशा दिसतो आणि बाकी सगळं राखाडी. खिडकी लहानमोठी केली की नीट होतं. हे काय गौडबंगाल आहे?

सुगरण
अक्षवृत्त यांच्या पहिल्या उपायाशी सहमत, दुसऱ्याशी नाही. पक्ष्यांच्या नोंदींसाठी क्लस्टर हे फसवं प्रकरण आहे. '२४०' लिहिलेलं नारिंगी वर्तुळ बघून मला काय कळलं? तिथे २४० पक्षी आहेत, की एकाच उत्साही माणसाने रोज सकाळी केलेल्या २४० नोंदी? त्यातून झूम बदलला की वर्तुळं फुटतात, सरकतात, आकडे बदलतात. दुकानांच्या यादीला हे चालतं, कारण तिथे बघणाऱ्याला शेवटी एका पिनेपर्यंत पोचायचं असतं. इथे त्याला प्रदेश बघायचा आहे.

त्यापेक्षा चौकटी करा. जमिनीचे सारखे चौकोन पाडा आणि प्रत्येकाला त्या चौकोनात किती जाती दिसल्या त्यानुसार रंग द्या. चौकोनावर टिचकी मारली की जातींची यादी. जवळ झूम केल्यावर सुटे ठिपके.

हीटमॅप तर अजिबात नको. एक तर बहुतेक हीटमॅप प्लगइनमध्ये त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, त्यामुळे त्याच माहितीचं चित्र झूमगणिक बदलतं. लांबून लालभडक दिसणारा डाग जवळ गेल्यावर विरून जातो. दुसरं म्हणजे तो डाग पक्षी कुठे जास्त आहेत ते दाखवत नाही, निरीक्षक कुठे जास्त जातात ते दाखवतो. रस्ता, तळं आणि सुट्टीचा दिवस यांचा तो नकाशा असतो.

अक्षवृत्त
@सुगरण, चौकटी चांगल्याच, पण त्यात एक मेख आहे. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक पद्धत) असतात. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. अंशांत पाडलेले चौकोन असोत की पडद्यावरचे, उत्तर-दक्षिण पसारा मोठा असेल तर जमिनीवर ते सारखे राहत नाहीत. एका छोट्या प्रदेशापुरतं चालून जाईल.

@नवशिका_९९, नकाशा तयार होताना टॅब लपलेला असतो, त्यामुळे आपली लांबीरुंदी किती हे त्याला कळत नाही. टॅब उघडल्यानंतर 'इनव्हॅलिडेटसाइझ' हे फंक्शन बोलवा.

बिटबहाद्दर
सरळ गूगल मॅप्स का नाही? लोकांना सवयीचं आहे, शोध आयता मिळतो, कागदपत्रं भरपूर.

जुनाजाणता
सवयीचं आहे हे मान्य. २००५ साली गूगल मॅप्स आले तेव्हा त्यांची अधिकृत एपीआय (इतरांना आपल्या साइटवर नकाशा वापरू देणारी सोय) यायच्या आधीच पॉल रेडमाकर यांनी आतला कोड उलगडून त्यावर भाड्याच्या घरांच्या जाहिराती टाकल्या होत्या. 'हाउसिंगमॅप्स' नाव. नकाशावर दुसऱ्याची माहिती चढवून काहीतरी तिसरंच उपयोगी करायचं, ही कल्पना लोकांच्या डोक्यात तिथून बसली. त्याच वर्षी जूनमध्ये एपीआय आली.

पण २०१८ पासून गूगलची की (नकाशा वापरण्यासाठी मिळणारा संकेत) घ्यायची तर बिलिंग खातं जोडावं लागतं. मोफत मर्यादेत बसलात तरी कार्ड द्यावंच लागतं. धागाकर्त्यांचा गट हौशी आहे, कार्ड कुणाचं लावणार? आणि लावलंत तर की तुमच्याच डोमेनपुरती बांधून घ्या. ती पानाच्या कोडमध्ये उघडीच दिसते, बांधली नाहीत तर कुणीही उचलून आपल्या साइटवर वापरेल आणि बिल तुमच्याकडे येईल. आणखी एक, गूगलने जुना मार्कर फेब्रुवारी २०२४ मध्ये कालबाह्य ठरवला, त्यामुळे जालावर सापडणारे अर्धे धडे आता जुने झालेत.

मुक्तछंदी
मॅपलिब्र बघितलंत का कुणी? तीही नकाशाची लायब्ररीच. मॅपबॉक्स कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या जीएल जेएस या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून खुलं लायसन्स बंद केलं, तेव्हा आधीच्या खुल्या आवृत्तीतून हे फुटून निघालं. ग्राफिक्स कार्डावर चालतं, नऊ हजार काय, लाखभर ठिपके लोण्यासारखे फिरतात. पक्षी निवडण्यासाठी ठिपके काढून परत घालायची गरज नाही, 'सेटफिल्टर'ला अट द्या, झालं. क्लस्टर आतच आहेत, नकाशा तिरपा करता येतो, फिरवता येतो.

तिरकस
पक्षी बघायला नकाशा तिरपा कशाला करायचा म्हणे? मान आपली तिरपी होतेच.

चष्मेवाली
@मुक्तछंदी, एक मोठी अडचण सांगायची राहिली. मॅपलिब्र नकाशावरची नावं स्वतः रंगवतो, ब्राउझरकडून रंगवून घेत नाही. अक्षरांची चित्रं एकेक करून शेजारी ठेवायची असा त्याचा हिशेब. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. तुम्ही वापरताय त्या आवृत्तीत हे कसं दिसतं ते आधी दहा-बारा जोडाक्षरी नावं घालून बघा, मगच सगळा डोलारा हलवा.

लीफलेटमध्ये ही अडचण नाही, कारण तिथले टूलटिप आणि पॉपअप साधं एचटीएमएल असतं, लिपी ब्राउझर सांभाळतो. खालच्या नकाशावरची नावं टाइलच्या (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांच्या) चित्रातच छापून येतात.

मुक्तछंदी
हे खरंय. मी पक्ष्यांची नावं बाजूच्या पट्टीत देतो, नकाशावर फक्त ठिपके, त्यामुळे माझं भागतं. पण मुद्दा मान्य.

काठावरचा
सगळे तंत्रावर बोलताय, मला एक वेगळीच काळजी वाटते. घरट्यांच्या नोंदी आहेत का तुमच्याकडे? दुर्मीळ घुबडं, शिकारी पक्षी? घरट्याचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत जगजाहीर करणं म्हणजे चोराला आमंत्रण. अंडी-पिल्लं चोरणारे सोडाच, फोटो काढणाऱ्यांची रांग लागली तरी पक्षी घरटं टाकून जातो.

मोठ्या साइट्स हे पाळतात. आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची साइट धोक्यातल्या जातींची जागा ०.२ अंश गुणिले ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेतरी हलवून दाखवते. विषुववृत्ताजवळ अशी चौकट साधारण २२ किलोमीटर बाजूची होते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरही संवेदनशील जातींच्या नोंदी लपवलेल्या असतात.

रानपिंगळा
बापरे, घरटी आहेत खरी. पॉपअपमध्ये जागा दाखवलीच नाही आणि त्या ठिपक्यांचा झूम मर्यादित ठेवला तर?

काठावरचा
नाही चालणार. पॉपअपमध्ये नसलं तरी जिओजेसन फाइल (जागांसकट सगळ्या नोंदींची फाइल) ब्राउझरपर्यंत पोचलेलीच असते. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडला की सगळे आकडे समोर. जे लपवायचं ते सर्व्हरवरून बाहेरच पडता कामा नये. सार्वजनिक फाइल तयार करतानाच त्या जातींची जागा बदला.

बदलतानाही एक खबरदारी. प्रत्येक वेळी नवं यादृच्छिक अंतर देऊन हलवू नका. त्याच घरट्याच्या दहावीस नोंदी झाल्या की कुणीही सरासरी काढून मूळ जागेच्या आसपास पोचतो. चौकटीचा मध्यबिंदू द्या, नेहमी तोच. आणि फोटो! मोबाइलच्या फोटोत जीपीएसची जागा लिहिलेली असू शकते. चढवताना ती माहिती पुसून टाका, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं.

सुगरण
+१०००. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

जुनाजाणता
खालच्या टाइल कुठून घेताय? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाच्या सर्व्हरवरून थेट घेत असाल तर त्यांचं वापरधोरण वाचा. माहिती खुली आहे, पण तो सर्व्हर देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालतो. श्रेयाची ओळ दिसलीच पाहिजे, टाइल घाऊक उतरवून ठेवता येत नाहीत, सेवेची हमी नाही आणि भार फार झाला तर न सांगता बंद करतात. छोट्या साइटला सहसा अडत नाही. तुमच्या साइटने रेफरर हेडर (विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारी ओळ) पाठवणं बंद केलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

गाव शोधायची चौकट देणार असाल तर नॉमिनॅटिम या ओपनस्ट्रीटमॅपवरच्या जागाशोध सेवेच्या सार्वजनिक सर्व्हरची मर्यादा सेकंदाला एक विनंती अशी आहे, आणि टंकताना सुचवण्या दाखवायला तो वापरायला मनाई आहे. म्हणजे 'शोधा' बटण दाबल्यावरच विचारायचं.

पूर्ण स्वावलंबी व्हायचं असेल तर पीएमटाइल्स बघा. सगळा नकाशा एकाच फायलीत, ब्राउझर त्यातला हवा तेवढाच तुकडा मागतो, टाइल-सर्व्हर लागतच नाही. साधी फाइल ठेवायची जागा पुरते, फक्त तिथे रेंज विनंत्या (फायलीचा ठराविक तुकडाच मागणं) चालायला हव्यात. अख्ख्या जगाची फाइल शंभर जीबीच्या वर जाते, पण आपल्यापुरता भाग कापून घेता येतो.

बिटबहाद्दर
हे ऐकून मला परत गूगलच बरं वाटायला लागलं.

चष्मेवाली
'स्थलांतर चालताना' या फर्माइशीबद्दल. सरकपट्टी दिसायला झकास, पण वापरायला तापदायक. बोटाने नेमका महिना पकडता येत नाही. पट्टी ठेवायचीच असेल तर ब्राउझरची स्वतःची रेंज इनपुट ठेवा, ती निदान कीबोर्डच्या बाणांनी चालते. स्वतः घडवलेल्या पट्ट्या बहुतेक वेळा फक्त ओढूनच चालतात, आणि २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेले निकष) ओढण्याला पर्याय असलाच पाहिजे अशी अट आहे. बटणाचा किमान आकारही त्यात दिलाय, २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल. तुमचे ठिपके केवढे आहेत?

मी तर बारा महिन्यांची बारा बटणंच देईन. एकदा दाबलं की एप्रिल, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. एप्रिल आणि ऑक्टोबर एकदम बघता येतात, पट्टीत ते जमत नाही.

सुगरण
शिवाय 'चालताना' दाखवणं जपून. एखाद्या महिन्यात कुणी गेलंच नाही तर नकाशा रिकामा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं पक्षी उडून गेले. त्या महिन्यात एकूण किती नोंदी झाल्या तो आकडा बटणाखाली बारीक अक्षरात द्या.

अक्षवृत्त
'माझ्या जवळपास' करा, उपयोगी आहे. ब्राउझर जागा देतो ती फक्त एचटीटीपीएस असलेल्या साइटला. पान उघडताक्षणी परवानगी मागू नका. माणूस अजून पान वाचत असतो, घाबरून 'नाही' दाबतो आणि मग ब्राउझर तुम्हाला पुन्हा विचारूही देत नाही. बटण दाबल्यावरच विचारा. मिळालेल्या जागेसोबत अचूकतेचा आकडा येतो, तेवढ्या त्रिज्येचं फिकट वर्तुळ काढा. डेस्कटॉपवर ही चूक कित्येक किलोमीटरची असू शकते. हे वर्तुळ 'सर्कल'ने काढा, 'सर्कलमार्कर'ने नको. पहिल्याची त्रिज्या मीटरमध्ये, दुसऱ्याची पिक्सेलमध्ये.

तिरकस
नकाशावरून नोंद भरण्यावर कुणी बोललंच नाही. मी काडी टाकतो: देऊच नका. लोक लांबून झूम करून अंदाजे कुठेही पिन टोचतील.

मुक्तछंदी
देऊ नका हे टोकाचं झालं. ठराविक झूमच्या आत आल्याशिवाय पिन टोचताच येणार नाही असं करा. आणि 'जागा किती नेमकी आहे' हे विचारा: अगदी इथेच, शंभर मीटरच्या आत, किलोमीटरभरात.

अक्षांश आणि रेखांशाचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसनमध्ये आधी रेखांश (२०१६ च्या आरएफसी ७९४६ या जिओजेसनच्या प्रमाण दस्तऐवजात तसं स्पष्ट आहे). उलट झालं की मुंबईतला पक्षी थेट आर्क्टिक समुद्रात.

अक्षवृत्त
आणि रकाना रिकामा राहिला की शून्य-शून्यवर. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात. नकाशेवाले त्याला गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. बेट वगैरे काही नाही, हवामान मोजणारा एक तरंगता बोया तेवढा तिथे ठेवलेला होता.

जुनाजाणता
अवांतरात अवांतर: वेब मर्केटरचा अधिकृत संकेतांक ३८५७. तो मिळण्याआधी लोक ९००९१३ वापरत. हे आकडे इंग्रजी अंकांत (900913) लिहून रोमन अक्षरांसारखे वाचले तर 'गूगल' दिसतं!

काठावरचा
नोंदी बाहेरचे लोक भरणार असतील तर पॉपअपमध्ये त्यांचा मजकूर तसाच ओतू नका. लीफलेटचा पॉपअप दिलेली स्ट्रिंग एचटीएमएल म्हणून घेतो. कुणी 'शेरा' रकान्यात कोड टाकला तर तो प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. मजकूर टेक्स्ट म्हणूनच घाला.

चष्मेवाली
अजून दोन गोष्टी, ज्यांची फर्माइश कुणीच करत नाही आणि ज्या सर्वात जास्त वापरल्या जातात.

पहिली, दुवा. निवडलेला पक्षी, महिना, झूम आणि नकाशाचा मध्य हे सगळं पानाच्या पत्त्यात लिहा. मग मी ऑक्टोबरमधल्या नीलपंखांचा नकाशा जसाच्या तसा मैत्रिणीला पाठवू शकते. नकाशा हलवून थांबल्यावर ('मूव्हएंड') पत्ता बदला, पण इतिहासात नवी नोंद न करता, नाहीतर 'मागे' बटण दाबून दाबून माणूस वेडा होतो.

दुसरी, यादी. नकाशाच्या शेजारी, सध्या दिसणाऱ्या भागातल्या नोंदींची साधी यादी. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला नऊ हजार ठिपक्यांतून काहीच मिळत नाही, यादीतून सगळं मिळतं. डोळस लोकही फोनवर यादीच चाळतात असा माझा अनुभव आहे. आणि जातींना फक्त रंगांनी ओळखायला लावू नका, लाल-हिरवं वेगळं न दिसणारे तुमच्या गटातही असतील.

रानपिंगळा
सर्वांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लायब्ररी तीच ठेवतोय. काल सर्कलमार्कर आणि कॅनव्हास केलं, फोनवर नकाशा आता सुरळीत सरकतो. घरट्यांच्या नोंदी तूर्त फाइलमधूनच काढून टाकल्या आहेत, चौकटीचं गणित जमलं की परत घालेन. पुढे पक्ष्याचा फिल्टर, महिन्यांची बटणं, दुवा आणि यादी. हीटमॅपवाल्यांना सुगरण यांचा प्रतिसाद वाचायला दिलाय. ते अजून रुसलेत. नोंद भरायचं काम नंतर बघू.

फोनवर एक त्रास मात्र उरलाय. पान खाली सरकवताना बोट नकाशावर पडलं की पान अडकतं आणि नकाशाच फिरतो.

मुक्तछंदी
दोन बोटांनीच नकाशा हलेल असं करा. मॅपलिब्रमध्ये 'कोऑपरेटिव्हजेश्चर्स' नावाने आयतं आहे, लीफलेटसाठी प्लगइन मिळतं. डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून चाक फिरवलं तरच झूम.

चष्मेवाली
किंवा फोनवर नकाशाची उंची पडद्याच्या निम्मीच ठेवा आणि खाली यादी. बोट टेकायला जागा उरते, प्लगइनही लागत नाही.

नवशिका_९९
@अक्षवृत्त, 'इनव्हॅलिडेटसाइझ' टाकलं, तरी कधीकधी राखाडी येतंच.

अक्षवृत्त
टॅब उघडताना सरकत येतो का? सरकणं पूर्ण व्हायच्या आधीच फंक्शन चालत असेल. 'ट्रान्झिशनएंड' झाल्यावर बोलवा.

नवशिका_९९
सरकतच येत होता. आता ठीक आहे.